हर्पिसच्या नव्या औषधाच्या चाचणीत जायचं असेल तर: सोलापूरकरांसाठी पायरी-पायरीने

एप्रिल लागला की सोलापुरात ओठावर फोडांचा झुबका घेऊन फिरणारी माणसं दिसायला लागतात. कडक ऊन हे हर्पिस उठण्याचं एक ठरलेलं कारण, आणि ऊन आपल्याकडे उसनं आणावं लागत नाही. फोड येतो, दोन-तीन दिवस ठणकतो, खपली धरतो, आठ-दहा दिवसांत निघून जातो. मधल्या काळात माणसाने जे काही केलं असेल त्याला बरं केल्याचं श्रेय मिळतं. कुणी मेडिकलमधून मलम आणलेलं असतं, कुणी गेरू लावलेला असतो, कुणी नागीण समजून मंत्र घातलेला असतो. सगळ्यांनाच गुण येतो, कारण फोड तसाही जाणारच होता.

हर्पिसच्या औषधाची चाचणी म्हणजे हे फुकटचं श्रेय काढून घ्यायची व्यवस्था. एवढं डोक्यात ठेवलं की पुढे जे विचित्र वाटतं (खोटी गोळी, रोजची वही, दिवसाला चार-चार नमुने), त्याचा अर्थ लागत जातो.

मी बारा वर्षं औषधचाचण्यांची कोऑर्डिनेटर होते. बहुतेक चाचण्या त्वचेच्या आणि डोळ्यांच्या. टेबलाच्या या बाजूला बसून जे पाहिलं त्यावरून हे लिहिते आहे. हर्पिसवरच्या नव्या औषधांच्या चाचण्या जास्त करून अमेरिका-युरोपात होतात. भारतात एखादी निघाली तरी केंद्र पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला असायची शक्यता अधिक. त्यामुळे खालच्या पहिल्या दोन पायऱ्या घरबसल्या करून ठेवा. चाचणी मिळो न मिळो, त्या कामाला येतात.

पायरी पहिली: आजार नक्की कुठला ते कागदावर आणा

आपल्याकडे हर्पिस या एका शब्दात दोन आजार कोंबलेले असतात. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. तो कांजिण्यांचा विषाणू, अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखा उठतो आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती घेऊन आलेल्या किती जणांना मी पाणी पाजून शांत केलंय याची गणती नाही. हर्पिस सिम्प्लेक्स निराळा. तो पुन्हा पुन्हा येतो आणि बहुधा त्याच जागी येतो. त्याचे दोन प्रकार. पहिला मुख्यतः ओठ आणि तोंडाचा, दुसरा मुख्यतः जननेंद्रियांचा. पण पहिला प्रकारही खाली होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात पहिला प्रकार आहे आणि १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटींच्या अंगात दुसरा. लाजायचंच झालं तर अर्ध्याहून जास्त जगाने लाजावं लागेल.

चाचणीवाले “डॉक्टर हर्पिस म्हणाले” यावर तुम्हाला घेत नाहीत. त्यांना फोडातल्या नमुन्याची पीसीआर तपासणी (नमुन्यात खुद्द विषाणूच शोधणारी) लागते, आणि ती फोड ताजा, पाण्याने भरलेला असतानाच करून घ्यायची असते. खपली धरली की विषाणू सापडण्याची शक्यता घटते. “रविवारी सुट्टीला जातो” म्हणून थांबलात तर रविवारी दाखवायला खपली उरेल. रक्तातली आयजीजी तपासणी एवढंच सांगते की विषाणू कधीतरी अंगात शिरला. कुठे बसलाय ते सांगत नाही. आयजीएम तपासणी हर्पिससाठी भरवशाची नाही, तिच्यावर पैसे घालवू नका.

दुसरा कागद म्हणजे तारखा. “वर्षातून किती वेळा येतो?” या प्रश्नाला “लई वेळा येतो ओ मॅडम” हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय. त्याचा चाचणीला उपयोग शून्य. बऱ्याच चाचण्यांत वर्षाला अमुक इतक्या वेळा उठाव झालेलाच माणूस घेतात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा: ज्या दिवशी चुणचुण सुरू झाली त्या दिवशी एक टिंब, फोड दिसला तिथे दोन, खपली पडली तिथे फुली. घरातल्या कुणी विचारलं तर दुधाचा हिशोब म्हणून सांगा.

पायरी दुसरी: जुनं औषध नीट घेऊन पाहिलंय का?

“मला औषधच लागू पडत नाही, म्हणून नवं पाहिजे” म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जुनं औषध चुकीच्या वेळी घेतलेलं असतं.

जुनं म्हणजे ॲसायक्लोव्हिर. हे औषध बाजारात आलं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. ज्या प्रयोगशाळेत ते तयार झालं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. गोळी पोटात जाते तेव्हा हे औषध निजलेलं असतं. विषाणूचंच एक एन्झाइम, थायमिडिन कायनेज, त्याला जागं करतं, आणि जागं झालेलं औषध विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच तोडतं. ज्या पेशीत विषाणू कामाला लागलेला नाही तिथे ते जवळजवळ निजूनच राहतं, म्हणून दुष्परिणाम कमी. पण खोटही तिथेच आहे. दोन उठावांच्या मध्ये विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडी मारून बसतो, ओठाचा असेल तर कानाजवळच्या गाठीत, खालचा असेल तर माकडहाडाजवळच्या. तिथे तो स्वस्थ असतो, आणि स्वस्थ विषाणूला हे औषध हात लावत नाही.

म्हणून वेळेला महत्त्व. उठाव थोपवायचा तर पहिली गोळी चुणचुण जाणवल्यापासून २४ तासांच्या आत पोटात जायला हवी. तिसऱ्या दिवशी सुरू केलेल्या गोळीचं श्रेय पुन्हा आपोआप बऱ्या होणाऱ्या फोडाच्या खात्यातलं. ज्यांना वारंवार येतो त्यांच्यासाठी रोजच्या गोळीचा मार्ग आहे: ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम एकदा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जोडीदारांपैकी एकालाच दुसऱ्या प्रकारचा हर्पिस असलेल्या १,४८४ जोडप्यांवरचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्याने दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं होतं. निम्म्यानेच, त्यामुळे निरोध सुटत नाही.

सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जननेंद्रियांच्या हर्पिससाठी लाल रंगाचं किट फुकट मिळतं. त्यात ॲसायक्लोव्हिर ४०० च्या सात दिवसांच्या गोळ्या असतात. सिव्हिलच्या रांगेत मागे भावकीतलं कुणी उभं असेल या भीतीने लोक जात नाहीत, हे मला ठाऊक आहे. पाणी मात्र विसरू नका. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि अंगातलं पाणी आटलं तर तिथे त्याचे स्फटिक धरू शकतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास माग चालवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावंच लागतं.

औषधाला खरोखर न जुमानणारा विषाणू धडधाकट माणसात एक टक्क्याहूनही कमी वेळा सापडतो. अवयव बदललेले, कर्करोगाचे उपचार चाललेले, एचआयव्ही बळावलेला अशांमध्ये जास्त.

दोन बाबतीत चाचणीचा विचारही करू नका, थेट रुग्णालय गाठा. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर नेत्रतज्ज्ञ. आणि मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका, हर्पिसच्या डोळ्यात त्याने बुबुळाची जखम पसरते. दुसरं, ताप आणि त्याबरोबर माणूस असंबद्ध बोलायला लागला, झटका आला, तर हर्पिस मेंदूत गेलेला असू शकतो. तिथे शिरेतून ॲसायक्लोव्हिर लगेच सुरू व्हावं लागतं.

पायरी तिसरी: नवं म्हणजे काय, ते ओळखा

“नवीन औषध आलंय” या वाक्याखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

खरोखरच्या नव्या गोळ्या म्हणजे हेलिकेज-प्रायमेज रोखणारी औषधं. विषाणूला आपल्या डीएनएची नक्कल करायला आधी त्याचा दुपदरी पीळ उलगडावा लागतो. साळवाड्यातला माणूस हे लगेच समजेल: गुंडीवरचं सूत उकललं नाही तर माग चालायचा कसा? ॲसायक्लोव्हिर विणताना धागा तोडतं, ही नवी औषधं सूत उकलूच देत नाहीत. त्यांना विषाणूच्या एन्झाइमकडून जागं करून घ्यावं लागत नाही, त्यामुळे ॲसायक्लोव्हिरला दाद न देणाऱ्या विषाणूवरही ती चालू शकतात. यातलं अमेनामेव्हिर जपानमध्ये २०१७ पासून नागिणीसाठी वापरात आहे. प्रिटेलिव्हिरचा दुसऱ्या टप्प्यातला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला: दुसऱ्या प्रकारचा हर्पिस असलेले १५६ जण, २८ दिवस, रोज नमुना. खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या गटात १६.६ टक्के दिवशी विषाणू सापडला, रोज ७५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत २.१ टक्के दिवशी. आकडा देखणा आहे. पण दडून बसलेला विषाणू यानेही मरत नाही, गोळी थांबली की तो परत तयार.

लसींचा इतिहास खडतर. ८,३२३ स्त्रियांवर घेतलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१२ मध्ये आला. लस दुसऱ्या प्रकाराला रोखू शकली नाही, पहिल्या प्रकारापासून थोडंफार संरक्षण मिळालं. जनुकीय कात्रीने गाठीतला विषाणूच कापून काढायचं काम अमेरिकेत चाललंय. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते, पण ते उंदरांमधले. व्हॉट्सॲपवर तेच “हर्पिस मुळापासून बरा” होऊन येतात. चौथी वस्तू म्हणजे कुणाचा तरी काढा किंवा कॅप्सूल. तिच्याबद्दल एकच विचारा: कुणाशी तुलना करून पाहिली?

पायरी चौथी: चाचणीची नोंद स्वतः वाचा

भारतात चालणाऱ्या औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, जून २००९ पासून औषधचाचण्यांना सक्तीची झाली आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. कुणालाही फुकट पाहता येते. पत्ता सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. शोध इंग्रजीतच करावा लागतो, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या भाचीला बसवा. लाज वाटत असेल तर तिला नागीण शोधायला सांगा, दोन्ही आजारांत हर्पिस शब्द येतोच.

नोंद उघडली की लांबलचक शीर्षक सोडून द्या. आधी भरती चालू आहे की बंद ते बघा. मग कुठल्या टप्प्याची चाचणी: पहिल्या टप्प्यात औषध किती सोसतं एवढंच पाहतात आणि बहुधा निरोगी माणसं घेतात, दुसऱ्यात मात्रा ठरते, तिसऱ्यात मोठ्या गटावर तुलना होते, चौथा बाजारात आल्यानंतरचा. मग औषध नियंत्रकांची परवानगी आणि आचारसंहिता समितीची, म्हणजे रुग्णांच्या हिताकडे बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी, प्रत्येक केंद्राची वेगळी. शेवटी कुणाला घेणार आणि कुणाला नाही. ही यादी शेवटपर्यंत वाचली तर पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला फुकट हेलपाटा होत नाही.

पैसे मागितले की विषय संपला. चाचणीतलं औषध, तपासण्या आणि चाचणीपायी होणारा प्रवासखर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो.

समितीची मंजुरी म्हणजे नुसता शिक्का, असं वाटत असेल तर हे ऐका. २०१६ मध्ये एका अमेरिकन संशोधकाने हर्पिसची स्वतः बनवलेली जिवंत लस कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर नेऊन सुमारे वीस जणांना टोचली. कुठल्याही आचारसंहिता समितीची देखरेख नव्हती. त्याआधी अमेरिकेतच हॉटेलच्या खोल्यांत काहींना टोचून झालं होतं. घेणारे अडाणी नव्हते. वर्षानुवर्षं फोडांना वैतागलेले होते. हर्पिसचा माणूस असा सहज हाती लागतो, त्याला फक्त “कायमचा” हा शब्द ऐकवावा लागतो.

पायरी पाचवी: खोट्या गोळीशी आधीच सलोखा करा

प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. “मग आम्हाला फसवणार का?” हा प्रश्न दर वेळी येतो आणि यायलाच हवा.

डोळ्याच्या हर्पिसवरचा एक जुना, नावाजलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७०३ जण, वर्षभर रोज दोनदा ॲसायक्लोव्हिर ४०० किंवा खोटी गोळी. औषध घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांच्या डोळ्यात हर्पिस पुन्हा उठला, खोटी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांच्या. औषधाने फरक पडला हे उघड आहे. पण दुसऱ्या बाजूने वाचा: काहीही औषध नसलेल्या शंभरातल्या ६८ जणांना वर्षभर काहीच झालं नाही. त्या ६८ जणांना एखाद्या महाराजांनी अंगारा दिला असता, तर पुढच्या वर्षी त्यांच्या मठाला मजला चढला असता. खोट्या गोळीचा गट नसता तर १९ हा आकडा कशाशी ताडून पाहायचा?

काही चाचण्यांत खोट्या गोळीऐवजी चालू औषधाशी तुलना असते. दोन गोष्टी लेखी विचारून घ्या: उठाव जोराचा आला तर आधाराचं औषध कोणतं, आणि ते कोण, किती वेळात देणार? चाचणीच्या आराखड्यात ठरलेला, उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न देता खोट्या गोळीवर ठेवलं आणि त्यातून इजा झाली, तर भारतातल्या नियमाने ती भरपाईला पात्र ठरते.

पायरी सहावी: संमतीपत्र, आणि माझी एक चूक

नियमाप्रमाणे संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. सोलापुरात हे वाक्य वाटतं तितकं सोपं नाही. एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, पूर्व भागात घराघरात तेलुगू, मोहल्ल्यात उर्दू. बाजारात सगळे मराठी बोलतात, म्हणून सगळे मराठी वाचतात असं आपण धरून चालतो.

मीही धरलं होतं. एका खाजगी रुग्णालयात त्वचेच्या मलमाची चाचणी होती, आजार दुसरा होता. विडी वळणाऱ्या एक बाई आल्या, पन्नाशीच्या. बोटांना तंबाखूचा वास. मराठी फडाफड बोलत होत्या. मी मराठी संमतीपत्र पुढे ठेवलं, पानपान उलटत समजावलं. “समजलं का, अक्का?” “समजलं की, मॅडम.” सही केली, तेलुगूत. ती सही बघूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. पंधरा दिवसांनी ट्यूब तोलली तर भलतीच हलकी. विचारलं तर म्हणाल्या, “सुनेलाबी तसंच झालंय, तिलाबी लावलं. चांगलं औषध हाय म्हणून.” सून पाच महिन्यांची गरोदर होती.

सुनेला काही झालं नाही. समितीला कळवलं, बाईंना चाचणीतून काढावं लागलं, मला खालमानेने खुलासा लिहावा लागला. त्यानंतर मी “समजलं का” विचारणं सोडलं. “घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?” असं विचारायला लागले. त्याच्या उत्तरात सगळं कळतं.

तुमच्या बाजूने एवढं करा. तेलुगू किंवा कन्नड प्रत मागा. नसेल तर बनवून द्या म्हणा आणि तोवर सही करू नका. प्रत घरी न्या, एक रात्र जाऊ द्या. वाचता येत नसेल तर सगळं समजावताना एक त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो, आणि तो रुग्णालयाचा नोकर नसावा. अगदी नवं रसायन आणि रुग्ण दुबळ्या स्थितीतला असेल, तर संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण होतं. त्याला घाबरू नका, ते तुमच्या बाजूचा पुरावा आहे. गर्भ राहू न देण्याची अट बहुतेक चाचण्यांत असते, पुरुषांनाही असू शकते. सूनबाईंना सासूसमोर हे विचारणार असतील तर “मला एकटीला बोलायचंय” म्हणा. आणि फोन कोणत्या नंबरवर, किती वाजता करायचा, फायलीवर आजाराचं नाव असेल की नुसता क्रमांक, हे पहिल्याच दिवशी ठरवा. घरात फुटलेल्या फायलीने मी एक लग्न मोडायच्या बेतात आलेलं पाहिलंय.

पायरी सातवी: निवड-तपासणी

रक्त, लघवी, यकृत-मूत्रपिंड, स्त्रियांची गर्भतपासणी, बऱ्याचदा एचआयव्ही. इथे नापास झालात तर मनाला लावून घेऊ नका. रिपोर्टच्या प्रती मागून घ्या.

पायरी आठवी: वही, नमुने आणि गोळ्या

खरी चाचणी इथे होते, आणि ती तुमच्या हातात असते.

प्रिटेलिव्हिरची व्हॅलासायक्लोव्हिरशी तुलना करणाऱ्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येकाला दोन्ही औषधं मिळायची होती: २८ दिवस एक, मध्ये २८ दिवस सुट्टी, मग २८ दिवस दुसरं. औषधाच्या दिवसांत रोज चार वेळा जननेंद्रियाच्या जागेवरून कापसाची काडी फिरवून नमुना घ्यायचा. एका माणसाचे २२४ नमुने. फोड असतानाच नाही, फोड नसतानाही. कारण काही न दिसताही विषाणू अधूनमधून, कधी काही तासांपुरताच, कातडीवर येऊन जातो. दुपारचा नमुना चुकवलात तर कदाचित तोच आलेला असेल. निकाल: प्रिटेलिव्हिरवर २.४ टक्के नमुन्यांत विषाणू, व्हॅलासायक्लोव्हिरवर ५.३ टक्के. एवढासा फरक पकडायचा तर काड्या वेळेवर पडायला हव्यात.

काडी सगळ्या ठरलेल्या जागेवरून फिरवायची, फक्त दुखणाऱ्या ठिकाणी नाही. नळीत घालून टोपण लावलं की आधी चिठ्ठीवर तारीख-वेळ, मग हात धुणं. उलटं केलं की वेळ विसरते. गोळ्यांच्या डबीवर तापमान लिहिलेलं असतं, बहुधा २५ किंवा ३० अंशांच्या आत. मे महिन्यात पत्र्याखालचं घर त्याच्या कितीतरी वर जातं. म्हणून आधीच विचारा, जाड माठाशेजारचा कोपरा चालेल का. सांगितल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरते.

आता वहीबद्दल. एक वही माझ्या डोळ्यासमोर अजून आहे. चौदा दिवसांच्या चौदा ओळी, एकाच निळ्या पेनने, एकाच तिरक्या अक्षरात, दुखण्याचे आकडे ३, ३, २, २, २, १ असे शिस्तीत उतरणारे. शेवटच्या पानावर चहाचा गोल डाग, तोही ताजा. “कुठे भरलीत?” “एसटी स्टँडवर,” काका प्रामाणिकपणे म्हणाले. काकांना एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुखण्याच्या रुग्णांना दिलेल्या कागदी वह्यांमध्ये, वही कधी उघडली ते टिपणारं उजेडाचं यंत्र लपवलं होतं. रुग्णांच्या म्हणण्याप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. यंत्राप्रमाणे ११ टक्के.

हर्पिसमध्ये ही एसटी स्टँडवरची वही जास्त घातक, कारण फोड कधी आला आणि कधी गेला याशिवाय मोजायला फारसं काही नसतंच. चुकलेली ओळ कोरी सोडा. कोऱ्या ओळीबद्दल कुणी रागावत नाही. रागावलं तर त्याचं चुकतंय.

मधे ताप आला म्हणून घेतलेली गोळी, शेजारणीने दिलेला काढा, जुनं मलम, सगळं लिहा. आणि गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात भेटीची तारीख येतेय का, ते सुरुवातीलाच बघून बदलून घ्या. जानेवारीत नंदीध्वज निघाले की आमची निम्मी हजेरी बुडायची.

पायरी नववी: काही बिनसलं तर

रुग्णालयात भरती व्हावं लागलं, जिवावर बेतलं, अपंगत्व आलं, तर ती गंभीर घटना. संशोधक डॉक्टरांना ती घडल्यापासून २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि समितीला कळवावी लागते. तुमचं काम म्हणजे डॉक्टरांना रात्री-अपरात्रीही कळवणं. संमतीपत्राची प्रत आणि चाचणीचं कार्ड खिशात ठेवा, दुसऱ्याच दवाखान्यात नेलं तर तिथल्यांना कळायला हवं. २०१९ च्या नव्या औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांप्रमाणे चाचणीत इजा झाल्यास उपचार फुकट मिळतात, गरज असेतो किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे ठरेतो. संबंध सिद्ध झाला तर भरपाई वेगळी. मृत्यूच्या भरपाईच्या सूत्रातली मूळ रक्कम ८ लाख रुपये. तिला वयाचा आणि आजाराच्या धोक्याचा गुणक लागतो. वय कमी तितका गुणक मोठा, आणि धोक्याचा गुणक ०.५ ते ४. समितीच्या सदस्य-सचिवांचा फोन नंबर संमतीपत्रावर असतो. डॉक्टरांशी पटेनासं झालं तर तो लावायचा.

चाचणी मध्येच थांबू शकते, तुमच्यात काही बिघडलेलं नसतानाही. प्रिटेलिव्हिरचंच घ्या. माणसांत चांगले आकडे येत असताना माकडांवरच्या समांतर अभ्यासात त्वचा आणि रक्तावरचे परिणाम दिसले आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचणी थांबवायला लावली. ते औषध पुढे प्रतिकारशक्ती खालावलेल्या, ॲसायक्लोव्हिरने बरे न होणाऱ्या रुग्णांच्या चाचण्यांकडे वळलं.

बाहेर पडायचा हक्क तुम्हाला कधीही आहे, कारण न सांगता. फक्त गोळ्या परत करा आणि शेवटची रक्ततपासणी होऊ द्या.

पायरी दहावी: संपल्यावर

शेवटच्या भेटीत तीन गोष्टी मागा. पुढचं औषध काय, म्हणजे उद्यापासून ॲसायक्लोव्हिर चालू करायचं का. दुसरं, नव्या औषधाने खरंच फरक पडला असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर डॉक्टरांची शिफारस आणि समितीची मंजुरी मिळाल्यास ते पुढेही कंपनीने फुकट द्यायची तरतूद नियमांत आहे. ती तुम्हाला लागू होते का. तिसरं, मी कुठल्या गटात होतो हे मला कधी कळेल.

हे कळायला सगळ्या केंद्रांचं काम संपावं लागतं, वर्ष-दोन वर्षंही जातात. जुळे सोलापुरातल्या एका मास्तरांना डोळ्याच्या एका चाचणीनंतर मी असाच फोन केला होता. वर्षभर डोळा आला नव्हता, आणि त्यांनी कॉलनीत चौघांना त्या औषधाचं नाव सांगून ठेवलं होतं. मी सांगितलं, “सर, तुम्ही खोट्या गोळीवर होतात.” पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, “आता त्या चौघांना फोन करावा लागणार.”